टिकल्या लावलेले ग्लास, तांबडा रस्सा आणि सहा झाकलेल्या वाइन

आंबटगोड (धागालेखक)

गेल्या शनिवारी आमच्या घरी (पुणे, तिसरा मजला, डिसेंबरची मस्त थंडी) एक उद्योग केला. आम्ही सहा पिणारे : मी, बायको, दादा, एक मित्र आणि त्याची बायको, आणि एक सडाफटिंग मित्र, जो स्वतःला तज्ज्ञ समजतो. सातवी वहिनी. ती पीत नाही, म्हणून ओतायचं खातं तिच्याकडे. वाइन मी आणलेल्या, यादी माझी. पण कुठल्या ग्लासात कुठली ओतायची आणि कुठल्या क्रमाने, हे फक्त तिला ठाऊक.

बाटल्यांना रद्दीचा पेपर गुंडाळतात हे मी वाचलं होतं. पण बाटली आकारावरून चुगली करते. फ्रान्समधल्या तीन भागांच्याच बघा : बोर्दोची खांदे काढून उभी, बर्गंडीची उतरत्या खांद्यांची, आल्सासची उंच, सडपातळ. शिवाय फिरकीचं झाकण की बूच, हेही कळतं. तेव्हा बाटली टेबलावर आणायचीच नाही असं ठरलं. वहिनी स्वयंपाकघरात ओतणार आणि ग्लास बाहेर येणार. ग्लास ओळखायचे कसे? तर तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक ग्लासाच्या बुडाशी एकेक टिकली चिकटवली. हिरवी, लाल, काळी, सोनेरी, मरून. सहाव्या वाइनला साधी टिकली उरली नाही, म्हणून चंद्रकोर.

नियम दोनच. ग्लासात 100 मिली. त्यातली अर्धी आधी नुसती प्यायची, दहापैकी गुण लिहायचे. मग ताट यायचं आणि उरलेली अर्धी त्या पदार्थाबरोबर पिऊन पुन्हा गुण लिहायचे. बोलायचं नाही, 'हं' सुद्धा म्हणायचं नाही. थुंकायला आजोबांची पितळी पिकदाणी माळ्यावरून काढून घासली होती. पहिला अर्धा तास सगळे लाजले, मग कुणी लाजलं नाही.

सुरुवात फसफसत्या नाशिकच्या वाइनने केली, ती उघडीच, कारण बुडबुडे लपवणार कसे? कोथिंबीर वडीबरोबर ती कुणालाही आवडेल. तिच्यावर जास्त लिहीत नाही.

पहिली फेरी : हिरवी आणि लाल, सोबत सुरमईचे रवा लावून तळलेले काप. हिरवीला नुसती प्यायल्यावर सहा जणांचे सरासरी 4.5. 'वास नाही', 'लिंबू पिळलेलं पाणी', असे शेरे. सुरमईबरोबर तीच 7 वर गेली. लालची गंमत उलटी. नुसती 6, आणि माशाचा घास खाऊन घोट घेतला तर तोंडात खिळा धरल्यासारखी चव. सगळ्यांनाच. गुण 3.

दुसरी फेरी : काळी आणि चंद्रकोर, सोबत मटण आणि तांबडा रस्सा. रस्सा दादाचा. तो कोल्हापुरात चार वर्षं होता, त्यामुळे हात सैल. काळी नुसती प्यायल्यावर 8. रात्रीतला सर्वांत मोठा आकडा. तज्ज्ञ मित्राने वहीत 'मखमल' असं लिहिलंय, वही माझ्याकडे आहे. रस्सा आला आणि काळी 4 वर घसरली. कडवट, कोरडी, घशात जाळ. चंद्रकोर मात्र नुसती 7.5, पेरू आणि मधाचा वास. रस्स्याबरोबरही 7. शेवटी सगळ्यांनी उरलेला रस्सा तिच्याच सोबतीने संपवला.

तिसरी फेरी पुरणपोळीची. सोनेरी आणि मरून. मरून गोडमिट्ट, 'खोकल्याचं औषध' म्हणाली बायको. सोनेरी पोळीला पुरून उरली.

मग वहिनीने चिठ्ठी वाचली. हिरवी : नाशिकची शेनिन ब्लाँ, पांढरी. लाल : अकलूजची सांजोवेज, म्हणजे लाल वाइनच. काळी : मित्राने विमानतळावरून आणलेली लाल बोर्दो, रात्रीतली सर्वांत महाग. चंद्रकोर : नाशिकची सॉविन्यॉन ब्लाँ, हीपण पांढरी. सोनेरी : उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन. मरून : गोव्याची पोर्ट.

चंद्रकोर सॉविन्यॉन ब्लाँ आहे म्हटल्यावर तज्ज्ञ मित्राने तळाशी उरलेला घोट हुंगला आणि म्हणाला, 'ढोबळी मिरची! मला आधीच येत होता वास.' मग आम्हा सगळ्यांनाच यायला लागला. सॉविन्यॉन आणि कॅबरने (लाल वाइनचं द्राक्ष), दोन्हींत पायरेझिन नावाची संयुगं असतात, ढोबळी मिरचीत असतात त्याच घराण्यातली. त्यामुळे वास खराच असतो.

माझा निष्कर्ष : शेनिन जेवणाशिवाय उभी राहत नाही, सॉविन्यॉन एकटीही चालते आणि तांबड्या रश्श्यालाही चालते. पुढच्या वेळी शेनिन कमी आणि सॉविन्यॉन जास्त आणणार. (यंदा शेनिनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, पाहुण्यांना कमी पडू नये म्हणून. दुसरी गॅलरीत ठेवली होती, बहुधा दादा घेऊन गेला.)

---

पिंपळपान

फोटो नाहीत? मग पिकदाणीचा तरी टाका. वाचनखूण साठवली आहे.

---

शंकासुर

छान लिहिलंय, पण सहा जणांची सरासरी आणि त्यावर निष्कर्ष? राव, तुमच्या त्या मित्राची ढोबळी मिरची मला फार आवडली. चिठ्ठी वाचल्यावर वास आला, आधी वहीत का नाही लिहिला?

2001 साली बोर्दोतल्या संशोधकांनी 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन वास नसलेला लाल रंग घालून दुसऱ्या ग्लासात दिली. हे वाइनशास्त्र शिकणारे विद्यार्थी बरं का, तुमच्या-माझ्यासारखे नाहीत. लाल ग्लासाचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनचे शब्द वापरले. नाक डोळ्याच्या मागे मागे चालतं. तुमच्याकडे ते चिठ्ठीच्या मागे चाललं, एवढाच फरक.

खरी परीक्षा घ्यायची तर तीन ग्लास द्या, दोन एकाच वाइनचे, तिसरा वेगळा. वेगळा कुठला ते ओळखा. नुसत्या नशिबाने तीनात एकदा जमतं. त्याहून जास्त वेळा जमलं तरच पुढे बोलायचं.

---

आंबटगोड

शंकासुर, वहीत नाही लिहिलं हे खरं. त्याला विचारलं तर म्हणतो 'शब्द सापडत नव्हता'. ढोबळी मिरचीला शब्द सापडत नव्हता!

---

निफाडचा बागायतदार

माझी दोन एकर वाइनची द्राक्षं आहेत, बाकी खायची. धागा बघून बरं वाटलं, नाहीतर इथे नाशिकच्या वाइनवर बोलतात ते फक्त सहलीचे फोटो टाकणारे.

आमच्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग काडी तयार होते. आणि पाऊस ओसरला की फळ छाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, आमची झोपतच नाही, तिला छाटूनच सांगावं लागतं. माल निघतो जानेवारी ते मार्च. दिवसा ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे साखर चढते आणि आंबटपणाही टिकतो. वाइनचा मणी खायच्या द्राक्षापेक्षा लहान, साल जाड, आत बी. पोरं एकदा तोंडात टाकतात आणि थुंकतात, परत मागत नाहीत. फळ छाटणीनंतर अवकाळी आला की डाऊनीच्या (वेलीवरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीने झोप उडते, ते वेगळंच.

आता तुमच्या चंद्रकोरबद्दल. पेरू, मध आणि वर किंचित गोडी? आमच्या भागात शेनिनला हा वास येतो. सॉविन्यॉन हिरवट लागते, गवत, कच्ची मिरची, कधी टोमॅटोचं पान चुरगाळल्यासारखं. मी काही जाणकार नाही, पण मला पटत नाही.

---

ऱ्हाइनकाठची

मी फ्रँकफर्टजवळ राहते, ऱ्हाइनगाऊ हा वाइनचा भाग अर्ध्या तासावर. आमच्या मंडळाच्या दिवाळी फराळानंतर आम्ही असंच करतो, पण मिसळीबरोबर. दरवेळी जिंकते ती रीसलिंग काबिनेट, इथली हलकी पांढरी वाइन. अल्कोहोल साधारण 8-9 टक्के, थोडी गोडी, भरपूर आंबटपणा. तिखट आणि अल्कोहोल हे दोघे जिभेवरच्या एकाच उष्णतेच्या संवेदकाला डिवचतात. रस्सा तिखट आणि वर साडेतेरा-चौदा टक्क्यांची लाल वाइन म्हणजे आगीत तेल. शिवाय लाल वाइनमधलं टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. तिखटाने सोललेल्या तोंडात ते जास्तच टोचतं. तुमची काळी बिचारी वाईट नव्हती, चुकीच्या ताटाशेजारी बसली. तीच पांढऱ्या रश्श्याबरोबर किंवा नुसत्या भाजलेल्या मटणाबरोबर पिऊन बघा.

आणि हो, निफाडकरांना माझं अनुमोदन. रश्श्याला शांत करणारी वाइन बहुतेक किंचित गोड असते. सॉविन्यॉन ब्लाँ सहसा कोरडी, म्हणजे गोडी न ठेवता करतात. बाटलीवर काय लिहिलंय ते एकदा बघा ना.

---

आंबटगोड

बाटल्या वहिनीने रात्रीच पिशवीत भरल्या आणि भंगारवाला घेऊन गेला. चिठ्ठी आहे माझ्याकडे. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलंय.

---

ताकपिती

जेवणाचं वर्णन वाचून भूक लागली, दारूचं वाचून नाही. आमच्या घरी कुणी पीत नाही आणि मला त्याचा कमीपणाही वाटत नाही. हल्ली प्रत्येक जेवणाला वाइन जोडायची फॅशन आली आहे. रश्श्याबरोबर सोलकढी प्या की! कोकम आंबट, नारळाचं दूध गार आणि स्निग्ध. तुम्हाला तिखट शमवायचंय ना?

आणि घरी कसे गेले सगळे, हेही लिहा.

---

आंबटगोड

ताकपिती ताई, रिक्षाने. दादा-वहिनी आमच्याच सोसायटीत, बी विंग. सोलकढी होती, पण ती जेवणाच्या शेवटी, तुमच्यासारख्यांच्या बाजूने मतदान करायला.

---

शंकासुर

ताई, तुमची सूचना उलटी वापरता येईल. हाच खेळ हापूसवर खेळा. देवगड, रत्नागिरी आणि कर्नाटकचा, साल काढून, फोडी करून, चंद्रकोर लावून. 2018 पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे : रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. पेटीवरचं गाव झाकलं की आमच्या घरात किती जण पैजा जिंकतील, मला माहीत आहे. एकही नाही. सासरे तर नक्की नाहीत, आणि ते देवगडचे.

---

ताकपिती

हे मात्र करणार. एप्रिल उजाडू दे.

---

सासष्टीकर

गोव्याच्या पोर्टला खोकल्याचं औषध म्हटल्याचा निषेध! (लहानपणी आमच्या आजीने खोकल्यावर तीच दिली, तो भाग वेगळा.)

एवढंच सांगतो की पोर्तुगालची पोर्ट ही दुरो नदीच्या खोऱ्यातली. तिथे आंबवणं अर्ध्यात असताना साधारण 77 टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते, आणि अल्कोहोल वीसच्या आसपास जातो. आमच्याकडे मिळते ती बहुतेक साधी गोड लाल वाइन, नाव तेवढं पोर्टचं. नाताळात केकबरोबर ठीक. पुरणपोळीबरोबर ती हरणारच होती, कारण पोळीत गूळ आणि वेलची, तिच्यात नुसती साखर. पुढच्या वेळी मार्च-एप्रिलमध्ये या, उर्राक, आमची काजूची दारू, पाजतो. ती लपवता येत नाही, शेजाऱ्यांना पण वास जातो.

अवांतर : माशाबरोबर लाल वाइन लोखंडासारखी लागते त्याचं कारण लोखंडच आहे. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी शिंपल्यातल्या मांसाबरोबर वाइन देऊन पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त, तिच्याबरोबर माशाळ वास जास्त. लाल वाइनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं. आमच्या आईला हे शिकवायला लागलं नसतं, ती बांगड्याबरोबर फक्त भात देते.

---

मधलीसुट्टी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चंद्रकोरचं काय झालं? निफाडकर, ऱ्हाइनकाठची, दोघं एकच म्हणताय.

---

ओतणारीण

नमस्कार. नवीन आयडी आहे, चुका पोटात घाला. मीच ती वहिनी.

भाऊजी, आता सांगूनच टाकते. चार दिवस पोटात धरलंय.

तुमच्या यादीत त्या दोन फेऱ्यांच्या चार बाटल्या होत्या. स्वयंपाकघरात सापडल्या तीन. सॉविन्यॉन कुठेच नाही. फ्रिज बघितला, पिशव्या बघितल्या, ओट्याखाली बघितलं. तुम्हाला हाक मारावी तर सगळ्यांसमोर गुपित फुटतं, आणि बाहेर तुमचा तो मित्र भाषण देत होता. गॅलरीत शेनिनची दुसरी बाटली दिसली. म्हटलं, पांढरीच आहे, कुणाला कळतंय. दुसऱ्या फेरीत तीच ओतली, चंद्रकोर लावून.

म्हणजे हिरवी आणि चंद्रकोर ही एकच वाइन. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेली, एकाच सालची. मी दोन्ही लेबलं शेजारी ठेवून पाहिली होती.

चिठ्ठी वाचताना सांगणारच होते, पण तुम्ही सगळे इतक्या आनंदात होतात आणि त्यांना ढोबळी मिरचीचा वास यायला लागला होता, मग जीभ रेटेना.

काल भाजी आणायला तुमची गाडी घेतली. डिकीत, स्टेपनीच्या बाजूला, सॉविन्यॉन ब्लाँ. पिशवीसकट. आत्ता माझ्या टेबलावर आहे, झाकण न उघडलेलं.

---

शंकासुर

दंडवत घ्या वहिनी. साष्टांग.

---

मधलीसुट्टी

😂😂 ढोबळी मिरची!! त्या तज्ज्ञ मित्राला इथे आयडी काढायला लावा.

---

निफाडचा बागायतदार

म्हटलं ना, पेरू आणि मध. पण एक विचारतो. एकच वाइन, तर एकीला साडेचार आणि दुसरीला साडेसात कसे?

---

ओतणारीण

मलाही तेच कळेना, म्हणून परवा रात्री करून पाहिलं. केकसाठी माझ्याकडे थर्मामीटर आहे. पाण्याची एक बाटली फ्रिजमध्ये, जिथे हिरवीची बाटली होती तिथेच, मागच्या बाजूला. एक गॅलरीत, चंद्रकोरच्या जागी. फ्रिजमधली 5 अंश, गॅलरीतली 15.

---

ऱ्हाइनकाठची

मग झालंच की. पाच अंशांवर वाइनचा वास ग्लासातून वरच येत नाही. फक्त आंबट आणि गार, म्हणून 'लिंबू पिळलेलं पाणी'. शेनिनला 10-12 अंश बरे. पंधरा थोडं जास्तच, पण वास सगळा खुलतो आणि ती किंचित गोडीही जाणवते. आणि बघा, हिरवी सुरमईबरोबर 7 वर गेली ना? तोवर ती ग्लासात वीस मिनिटं बसली होती. सुरमईने नाही चढवली, नुसती कोमट झाली. थोडं सुरमईचंही असेल, तेल आणि रवा आंबट वाइनला आवडतात. पण सगळं श्रेय तिला देऊ नका.

उलट चूक लाल वाइनची. ती 'खोलीच्या तापमानाला' द्यायची असं कुणीतरी सांगून ठेवलंय. ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली. पुण्यातल्या मे महिन्यातली नव्हे. लाल वाइनसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच.

---

आंबटगोड

दोन दिवस धागा उघडायचं धाडस होत नव्हतं.

तज्ज्ञ मित्राला वाचून दाखवलं. पाच मिनिटं शांत होता. मग म्हणाला, 'शेनिनमध्येसुद्धा कधीकधी पायरेझिन असेल.' मी वहीचं ते पान फ्रेम करतोय.

वहिनी, तुझ्यावर रागावलो नाही. उलट मुद्दाम ठरवून केलं असतं तर इतकं बरं जमलं नसतं. मी माझ्या निष्कर्षाच्या ओळी काढून टाकणार होतो, पण राहू देतो, लोकांना हसू दे. बोर्दोचं म्हणाल तर रात्री उरलेला एक घोट दुसऱ्या दिवशी थंड पोळीबरोबर प्यायलो. तिला आठच गुण होते, तेवढं खरं.

---

सासष्टीकर

1976 साली पॅरिसमध्ये 24 मे रोजी असंच झालं होतं. स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदाराने फ्रेंच जाणकारांना झाकलेल्या वाइन दिल्या आणि पांढऱ्यात, लालमध्ये, दोन्हीकडे कॅलिफोर्निया पहिली आली. एका परीक्षक बाईंनी नंतर गुणपत्रिका परत मागितली म्हणतात. तुमच्या मित्राची वही नीट जपा, तो पण मागेल.

---

निफाडचा बागायतदार

आंबटगोड भाऊ, फेब्रुवारीत बागेत या सगळे. शेनिनचा घड तोडून देतो, तोंडात टाका, बी थुंका. पिकदाणीची गरज नाही. तिखट मी देतो, आमच्याकडचं काळ्या मसाल्याचं मटण. दादांचा रस्सा तुमच्याकडे ठेवा.

---

ओतणारीण

शनिवारी सॉविन्यॉन उघडतोय, आमच्याकडे, बी विंग. शंकासुरांनी सांगितलं तसे तीन ग्लास, दोन शेनिनचे, एक हिचा. सगळे 11 अंशांवर, थर्मामीटर लावून. ओतणार मीच. भाऊजी, येताना टिकल्यांचं पाकीट आणा, माझ्या संपल्या. चंद्रकोर नको.